स्कोलीननंतर चार तास श्वास आला नाही: चूक होती का, धोका कोणाला, आणि सही करावी का?

ताई, तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून मला काय समजलं ते आधी थोडक्यात मांडतो. सांवेरजवळ शेती करणारे तुमचे मोठे भाऊ, वय ३८. अपेंडिक्ससाठी रात्री इंदूरच्या एका नर्सिंग होममध्ये भरती झाले. ऑपरेशन पाऊण तासात आटोपलं, पण नंतर चार तास त्यांचा श्वास सुरू झाला नाही. व्हेंटिलेटरवर ठेवलं, सकाळी नळी काढली, आता ठणठणीत आहेत. भूलतज्ज्ञांनी ‘स्कोलीन अ‍ॅप्निया’, म्हणजे स्कोलीन या औषधानंतर श्वास बंद राहणं, असं निदान सांगितलं, तुम्हा भावंडांना रक्त तपासून घ्यायला सांगितलं, आणि आता ही केस जर्नलमध्ये छापायची म्हणून भावाची सही मागताहेत. काका म्हणतात, डोस जास्त झाला तो झाकायचा हा खटाटोप आहे, सही करू नका. शिवाय पुढच्या महिन्यात तुमचं स्वतःचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे.

विचारलंत तुम्ही सहीबद्दल, पण माझ्या मते घाईचा विषय तुमच्या रक्ततपासणीचा आहे. सही महिनाभर लांबली तरी कोणाचं काही बिघडत नाही. मी इंदुरातच बरीच वर्षं भूल देतो, चार खाटांच्या नर्सिंग होममध्येही आणि मोठ्या रुग्णालयातही. भावाचे कागद मी पाहिलेले नाहीत, म्हणून खाली बऱ्याच ठिकाणी ‘असं असेल तर’ येईल. ते अंग काढून घेण्यासाठी नाही, उत्तर खरोखरच त्यावर अवलंबून आहे.

आधी हे औषध काय आहे ते बघू. सक्सामेथोनियम, आमच्या बोलण्यात स्कोलीन, हे स्नायू सैल करणारं औषध १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. शिरेतून दिलं की मिनिटाभरात सगळे स्नायू ढिले पडतात, श्वासाचेही. भूलतज्ज्ञ तेवढ्यात श्वासनलिकेत नळी घालतो. पाच-दहा मिनिटांत औषधाचा असर संपतो आणि माणूस आपला आपण श्वास घेऊ लागतो. तो संपतो कारण रक्तात कोलिनएस्टरेज नावाचं एक एन्झाइम असतं. यकृत ते तयार करतं, आणि स्कोलीनचा बहुतेक भाग स्नायूंपर्यंत पोचायच्या आतच ते मोडून टाकतं. काही थोड्या लोकांत हे एन्झाइम जन्मतः सदोष असतं किंवा जवळजवळ नसतंच. सियागंज बाजारात ट्रक आला आणि हमालच आले नाहीत तर माल गाडीतच पडून राहतो, तसं औषध शरीरात रेंगाळतं, आणि मूत्रपिंडं हळूहळू त्याचा निचरा करेपर्यंत तासन्‌तास जातात. एरवी या माणसाला कसलाही त्रास नसतो. स्कोलीन पडेपर्यंत त्याला स्वतःलाही याचा पत्ता नसतो.

आता काकांचा आक्षेप. तो मी उडवून लावणार नाही, पण ‘डोस जास्त झाला’ या कारणाने चार तासांचा हिशोब लागत नाही. एन्झाइम नीट असलेल्या माणसाला स्कोलीनचा दुप्पट डोस पडला तरी फरक थोड्याच मिनिटांचा पडतो, इतक्या वेगाने ते मोडलं जातं. शिवाय रात्रीचं अपेंडिक्स म्हणजे पोट भरलेलं असण्याची शक्यता, उलटी फुप्फुसात जाण्याची भीती. अशा वेळी नळी झटपट घालावी लागते आणि त्यासाठी स्कोलीन ही आजही सर्वमान्य निवड आहे. प्रत्येक रुग्णाचं हे एन्झाइम आधी तपासण्याची पद्धत सहसा नाही, कारण दोष फार विरळा. युरोपीय वंशाच्या लोकांत त्याचा नेहमीचा प्रकार दोन्ही पालकांकडून आलेला असा माणूस साधारण अडीच-तीन हजारांत एक भेटतो.

म्हणजे औषध निवडण्यात चूक दिसत नाही. पुढे काय केलं, हे मात्र तुम्ही विचारायलाच हवं. काही भूलतज्ज्ञ स्कोलीनचा असर ओसरल्याची खात्री करून मगच दुसरं, जास्त वेळ टिकणारं रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) देतात. तसं केलं होतं का? श्वास येत नाही हे लक्षात आल्यावर नसेला हलके विजेचे झटके देऊन स्नायूंचा प्रतिसाद बघणारं छोटं यंत्र, नर्व्ह स्टिम्युलेटर, लावलं होतं का? लहान नर्सिंग होममध्ये ते बहुधा नसतं, हे मी जाणतो. मग अंदाजाने चालावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या चार तासांत भावाला झोपेचं औषध चालू ठेवलं होतं का?

यावर जरा थांबतो, कारण नातेवाईक हे विचारत नाहीत आणि डॉक्टरही बरेचदा बोलत नाहीत. स्कोलीन झोप आणत नाही, फक्त शरीर लुळं करतं. ऑपरेशन संपलं म्हणून भूल बंद केली आणि माणूस हलेना, तर बाहेरून तो ‘अजून शुद्धीवर आलेला नाही’ असाच वाटतो. आतून तो पूर्ण जागा असू शकतो, सगळं ऐकत, बोटही हलवता न येता. अनुभवी भूलतज्ज्ञाला शंका येताच तो आधी झोपेचं औषध सुरू करतो आणि मग कारण शोधतो. भावाला शांतपणे, जवळ गर्दी नसताना विचारा: झोप लागल्यावर पहिलं काय आठवतं? कोणाचं बोलणं ऐकू येत होतं का? रात्री दचकून उठणं, ऑपरेशनचं नाव काढताच घाम फुटणं असं काही असेल तर ते ‘मनाचे खेळ’ म्हणून सोडून देऊ नका. भूलतज्ज्ञांना सांगा, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यावर उपचार आहेत. कारण आधी नीट समजावून सांगितलं की पुष्कळांची भीती तेवढ्यानेच अर्धी होते.

बाकी उपचार कंटाळवाणा वाटेल इतका साधा आहे: व्हेंटिलेटर, झोप आणि धीर. एन्झाइम मिळावं म्हणून प्लाझ्मा चढवता येतो, पण चार तासांनी आपोआप सुटणाऱ्या गोष्टीसाठी परक्या रक्ताची जोखीम का घ्यावी, असं माझं मत. भावाला प्लाझ्मा दिला होता का ते तरीही पाहून ठेवा. तपासणीचा अर्थ लावताना लागेल.

निदानाबद्दल मला मात्र एक शंका आहे, आणि ती शेतीची आहे. ऑपरेशन कोणत्या महिन्यात झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. सोयाबीनवर फवारणीचे दिवस असतील, भाऊ स्वतः पंप पाठीवर घेत असतील, तर क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस यांसारखी कीटकनाशकं नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतात. विषबाधेची लक्षणं दिसायला हवीत असंही नाही. हातमोजे न घालता दिवसेंदिवस फवारलं, तर माणूस वरून धडधाकट आणि रक्तातलं एन्झाइम मात्र खाली उतरलेलं, हे आमच्या माळव्या-निमाडात अगदी शक्य आहे. खरगोन-बडवानीकडचा कापसाचा शेतकरी टेबलावर आला की मी फवारणीचा प्रश्न हटकून विचारतो. यकृताचा जुना आजार, कुपोषण, मोठं भाजणं यांतही एन्झाइम कमी होतं. गरोदरपणात तर ते साधारण पाव हिश्शाने घटतंच, पण तेवढ्याने चार तास लागत नाहीत. कीटकनाशकामुळे झालं असेल तर तुम्हाला काडीचाही धोका नाही, कारण तो प्रकार आनुवंशिक नव्हे. दोन्हींत फरक कसा करायचा? काळ करतो. फवारणी थांबल्यावर एन्झाइम काही आठवड्यांत भरून येतं. जन्मजात दोष दोन-तीन महिन्यांनी तपासला तरी तिथेच राहतो.

म्हणून तपासणी अशी करून घ्या. चिठ्ठीवर ‘सीरम’ किंवा ‘स्यूडो’ कोलिनएस्टरेज असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं कोलिनएस्टरेज लिहिलं तर लॅबवाले कधी तांबड्या पेशींतलं तपासतात. ते वेगळं, आणि या कामाचं नाही. भावाची तपासणी आत्ता एकदा आणि फवारणीपासून पूर्ण दूर राहून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. तुमची आत्ताच एकदा. प्रत्येक लॅबची नॉर्मल मर्यादा वेगळी असते, तेव्हा दोन्ही वेळा लॅब एकच ठेवा.

एन्झाइम किती आहे हे या तपासणीतून कळतं. ते कोणत्या जातीचं आहे हे कळायला ‘डायब्युकेन नंबर’ लागतो. टोरांटोच्या वर्नर कॅलो यांनी जेनेस्ट यांच्यासोबत १९५७ मध्ये ही पद्धत दिली. डायब्युकेन हे बधिर करणारं औषध नेहमीचं एन्झाइम सुमारे ८० टक्के रोखतं, सदोष एन्झाइम मात्र फक्त २० टक्क्यांच्या आसपास, आणि ज्याचा एक जनुक चांगला व एक सदोष तो ६० च्या जवळपास राहतो. तपासणी फार थोड्या ठिकाणी होते, नमुना बाहेरगावी जातो. न जमल्यास अडून बसू नका. आणि एन्झाइम जवळजवळ शून्यच निघालं, तर रोखण्यासारखं काही नसल्याने हा नंबर तसाही निरर्थक ठरतो.

हा ‘जवळजवळ शून्य’ प्रकार आपल्याकडे मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दक्षिणेतल्या आर्य वैश्य समाजात या जनुकातला एक ठरावीक बदल इतरांपेक्षा बराच जास्त आढळल्याचं संशोधन प्रसिद्ध आहे. नांदेडकडच्या बाजूला हा समाज बराच आहे आणि तिथून व्यापारानिमित्त इतरत्र गेलेली घरंही असतात. तुम्ही जात लिहिलेली नाही आणि मी विचारणारही नाही, पण कुटुंबाची पाळंमुळं तिकडची असतील तर भूलतज्ज्ञांना जरूर सांगा. इथे त्या माहितीला वैद्यकीय अर्थ आहे, एवढंच. तसंच आईवडील आते-मामे भावंडं असतील तर तेही सांगा.

कारण दोष उघड व्हायला सदोष जनुक दोन्ही पालकांकडून यावा लागतो. भावाचा दोष जन्मजात ठरला तर प्रत्येक सख्ख्या भावंडाला तोच दोष असण्याची शक्यता चारात एक. एकच जनुक आलेल्यांना सहसा काही होत नाही. फार तर स्कोलीन काही मिनिटं जास्त टिकतं. भावाच्या मुलांना एक जनुक नक्की मिळणार, दोन मिळतील फक्त वहिनीकडेही तो असेल तरच. मुलांना उगाच टोचत बसू नका. आधी भावाचा दुसरा रिपोर्ट येऊ द्या.

आता तुमचं ऑपरेशन. पित्ताशय दुर्बिणीतून काढायचं, ठरवून, उपाशीपोटी. यात स्कोलीन मुळात लागतच नाही. अ‍ॅट्राक्युरियम, व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम यांपैकी कोणतंही रिलॅक्संट चालतं. त्यांचा या एन्झाइमशी संबंध नाही. मग तपासणीचा आग्रह कशाला? कारण ठरलेल्या बेताबाहेरही काही घडतं. नळी काढताना घसा आवळून बसला तर बरेच जण सवयीने स्कोलीनकडेच हात नेतात. त्या क्षणी पर्याय भरून तयार हवा. रिपोर्ट वेळेत आला नाही तर ऑपरेशन पुढे ढकलू नका. तुम्ही दोष असलेल्याच आहात असं धरून भूल द्यायला सांगा. भूलपूर्व तपासणीला जाताना एवढं वाक्य बोला (त्यातलं मिव्हाक्युरियम हेही याच एन्झाइमने मोडणारं रिलॅक्संट आहे): “माझ्या सख्ख्या भावाला स्कोलीननंतर चार तास श्वास आला नव्हता, माझा रिपोर्ट बाकी आहे, मला स्कोलीन आणि मिव्हाक्युरियम देऊ नका.” हे सर्जनना नाही, भूलतज्ज्ञांनाच सांगायचं, आणि शक्यतो आदल्या दिवशी. टेबलावर झोपल्यावर सांगितलेलं गोंधळात हरवतं. उद्या तातडीने नळी घालायची वेळ आलीच तर मोठ्या डोसात रोक्युरोनियम स्कोलीनइतकंच चटकन काम करतं, आणि त्याला उलटवणारं सुगॅमाडेक्सही मिळतं. महाग आहे, लहान ठिकाणी ठेवलेलं नसेल. म्हणून विचारून ठेवायचं.

राहिली सही. इंदुरात ‘रिसर्च’ म्हटलं की लोकांचे कान टवकारतात, आणि त्याला कारण आहे. इथल्या औषध-चाचण्यांवरून २०१० नंतर जो गदारोळ झाला तो काका विसरले नसतील. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाची याचिका २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात होती; त्यानंतर २०१३ मध्ये संमती आणि नुकसानभरपाईचे नियम कडक झाले, २०१९ मध्ये औषध-चाचण्यांचे नवे नियमच आले. पण ते प्रकरण माणसांवर औषध वापरून बघण्याचं होतं. भावावर कोणी काही वापरून बघत नाही. जे घडून गेलं ते लिहायचं आहे. आणि झाकायचंच असतं तर डॉक्टर गप्प बसले असते. भावंडांना रक्त तपासा म्हणून सांगत फिरले नसते. चूक लपवणारा माणूस चार अनोळखी तज्ज्ञांकडून तपासला जाणारा लेख लिहायला बसत नाही. डोस, वेळा, उपचार, सगळं त्यात मांडावं लागतं.

अशा एका नोंदीतून काय होऊ शकतं याचं उदाहरण आमच्या शाखेत प्रसिद्ध आहे. मेलबर्नमध्ये २१ वर्षांचा एक तरुण पाय मोडून आला. त्याला मोडलेल्या हाडापेक्षा भुलेची भीती जास्त, कारण घरातले दहा नातेवाईक ईथरची भूल दिल्यावर दगावले होते. डॉक्टरांनी ते थापा म्हणून झटकलं नाही. ईथर टाळून दुसरी भूल दिली, तरी त्याचं अंग तापलंच; वेळीच थांबून त्याला वाचवलं. डेनबरो आणि लव्हेल यांनी १९६० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटं पत्र छापलं आणि मॅलिग्नंट हायपरथर्मिया, म्हणजे भुलेमुळे अंग धोकादायक तापणं, हा आनुवंशिक विकार वैद्यकाच्या नजरेत आला. १९७५ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांतून डॅन्ट्रोलिन हे औषध त्यावर चालतं हे दिसलं. तुमच्या भावाचा विकार वेगळा आणि आधीच माहितीतला आहे, त्यामुळे लेखाने असली खळबळ उडणार नाही. खरं सांगायचं तर संपादक ‘नवीन काही नाही’ म्हणून परतही पाठवतील. मराठी घरातला शून्य-एन्झाइमचा प्रकार निघाला किंवा फवारणी आणि जनुक दोन्हींचा गुंता निघाला, तर मात्र तो लेख वाचण्याजोगा होईल.

मी असतो तर सही केली असती, पण अटींवर. छापण्याची संमती ऑपरेशनच्या संमतीपासून वेगळ्या कागदावर हवी. नाव, फोटो, गाव नको. आणि ‘सांवेरजवळचा ३८ वर्षांचा शेतकरी’ असंही नको, त्यावरून तालुका ओळखेल. लेखाचा मसुदा वाचायला मागा. छापून येईपर्यंत संमती मागे घेता येते हे कागदावर असावं, आणि नकार दिल्यास पुढच्या उपचारात फरक पडणार नाही हेही. या सहीने तक्रारीचा हक्क जात नाही. कागदात तसं वाक्य घुसवलेलं दिसलं तर मात्र काकांचं ऐका. सही फक्त भावाची. तुमच्या रक्ताचा रिपोर्ट तुमचा आहे, तो लेखात घ्यायचा तर तुमची संमती वेगळी. जनुकीय तपासणी अभ्यासासाठी करायची असेल, तर एथिक्स कमिटीची मंजुरी दाखवा म्हणायला संकोच करू नका.

आणि एक अट लेखाशी संबंध नसलेली, पण मला सगळ्यांत मोलाची वाटते. भूलतज्ज्ञांकडून सही-शिक्क्यासह एक पत्र घ्या: कोणतं औषध, किती, किती वाजता दिलं, श्वास किती वाजता आला, एन्झाइमचा आकडा किती, पुढे काय टाळायचं. डिस्चार्ज कार्डावरचं ‘प्रोलाँग्ड रिकव्हरी’ पुढच्या डॉक्टरला काहीच सांगत नाही. पत्र लॅमिनेट करा, भावाच्या पाकिटात एक प्रत, वहिनींच्या मोबाइलमध्ये फोटो. मध्यरात्री अपघात होऊन भाऊ उज्जैनला किंवा देवासला बेशुद्ध पोचले, तर जर्नल कोणी उघडणार नाही, पाकीट उघडतील.

शेवटची शक्यता उरते ती अशी की भावाचे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल येतील. मग हे निदानच टिकत नाही. जास्त पडलेलं वेदनाशामक, दुसऱ्या रिलॅक्संटचा उरलेला असर, अंग गार पडणं, पोटॅशियम कमी असणं, अशी इतर कारणं पुन्हा तपासावी लागतील, आणि अ‍ॅनेस्थेशिया चार्ट समोर ठेवून ती तपासून देणं ही भूलतज्ज्ञांची जबाबदारी आहे. म्हणून सहीचा कागद भावाच्या दुसऱ्या रिपोर्टपर्यंत थांबवा. चार्टची प्रत मात्र आजच अर्ज देऊन मागून घ्या; ती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. तुमचा आकडा आला की इथे कळवा, ऑपरेशनच्या आधी काय बोलायचं ते त्याप्रमाणे सांगतो.